डोडोचे तीन साक्षीदार

मॉरिशस म्हटले की आपल्याकडे हिंदी सिनेमातील गाण्यांचे चित्रीकरण, निळे पाणी आणि नवविवाहितांच्या सहली एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत पांढरी वाळू असते, नारळीची झाडे असतात आणि कोपऱ्यात कुठेतरी एक गुबगुबीत डोडो पक्षी छापलेला असतो. हा पक्षी मॉरिशसच्या राजमुद्रेवर आहे, दुकानांतल्या खेळण्यांत आहे, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांत आहे. फक्त जिवंत असा तो कुठेही नाही. सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तो या पृथ्वीवरून नाहीसा झाला.

मॉरिशसची राखीव जंगले, पक्ष्यांची अभयारण्ये आणि समुद्रातील संरक्षित उद्याने पाहायला आज जगभरातून लोक जातात. त्यांना साधारणपणे एक ठरीव इतिहास ऐकायला मिळतो. डच खलाशांनी डोडो संपवला, फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी ऊस लावला आणि विसाव्या शतकात युरोपातून आलेल्या निसर्गशास्त्रज्ञांनी उरलेसुरले पक्षी वाचवले. या इतिहासात खोटे काही नाही, परंतु त्यात पात्रे फार थोडी आहेत. मारणारेही युरोपीय, वाचवणारेही युरोपीय आणि नोंद ठेवणारेही युरोपीय. बाकी सारे लोक जणू त्या बेटावर नव्हतेच.

वस्तुतः डोडोविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातील तीन फार मोलाच्या गोष्टी तीन निराळ्या ठिकाणांहून आल्या आहेत. एक मोगल दरबारातील चित्रकाराकडून, दुसरी एका फरारी गुलामाकडून आणि तिसरी हिंदुस्थानातून गेलेल्या ऊसमळ्यावरील मजुरांकडून. या तीन साक्षीदारांची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

बेट आणि भोवतालचे पाणी

मॉरिशस हे हिंदी महासागरातील ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरवर आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर ते आहे. म्हणजे उष्ण कटिबंधात, मकरवृत्ताच्या अलीकडे. बेटाच्या जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. व्यापारी वाऱ्यांनी उसळलेल्या लाटा या भिंतीवर फुटतात आणि भिंतीच्या आत उथळ, शांत पाणी राहते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला खाजण म्हणतात, पण कोकणातल्या माणसाच्या मनात खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारी जमीन असते. म्हणून येथे लगून हाच शब्द वापरतो.

प्रवाशाने पाहावीत अशी ठिकाणे बरीच आहेत. नैर्ऋत्येकडील डोंगरदऱ्यांत ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ साली घोषित झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ साडेसहा हजार हेक्टरांहून थोडे अधिक आहे. त्यातील मॅकबी आणि बेल ओम्ब्र भागातील जंगलाला १९७७ सालीच युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला होता. राजधानी पोर्ट लुईच्या जवळ एका ओढ्याच्या मुखाशी तेर रूज नावाचे छोटे पक्षी अभयारण्य आहे. उत्तर ध्रुवाकडील थंडी टाळण्यासाठी निघालेले पाणपक्षी तेथे मुक्कामाला येतात. २००१ साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. आग्नेय किनाऱ्यावर ब्लू बे हे ३५३ हेक्टरांचे सागरी उद्यान आहे. तेही २००८ पासून रामसर यादीत आहे. त्याच्या शेजारच्या उपसागरात इल ओ एग्रेट हे प्रवाळखडकाचे लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सव्वीस हेक्टरांच्या आसपास असून १९६५ पासून ते राखीव आहे.

हा आग्नेय किनारा वाचकांनी ध्यानात ठेवावा. १५९८ साली डच जहाजे प्रथम ज्या उपसागरात शिरली तो हाच. डचांची पहिली वसाहत याच उपसागराच्या काठी झाली. डोडोची हाडे ज्या दलदलीत सापडली ती येथून काही किलोमीटरवर आहे आणि २०२० साली जहाजातील तेल पसरले तेही याच पाण्यात. बेटाचा सव्वाचारशे वर्षांचा इतिहास या एका किनाऱ्यावर एकवटला आहे.

जंगल कसे गेले

डच येण्यापूर्वी बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. अरब दर्यावर्दींना मात्र त्याची माहिती असावी, कारण १५०२ सालच्या कान्तिनो नावाच्या पोर्तुगीज नकाशात मादागास्करच्या पूर्वेस जी तीन बेटे दाखवली आहेत त्यांची नावे अरबी वळणाची आहेत. त्यांतील एक 'दीना अरोबी'. अरबांनी तेथे वस्ती केल्याची खूण नाही. जहाजांच्या वाटेवरचे एक निर्जन बेट, एवढेच त्याचे स्थान होते.

डचांनी बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव दिले आणि १६३८ मध्ये वसाहत केली. त्यांना तेथे पाहिजे होता तो आबनूस. काळ्या, कठीण लाकडाचा हा वृक्ष आपल्याकडील तेंदूच्या जवळच्या नात्यातला आहे. त्याची तोड करण्यासाठी मादागास्करहून गुलाम आणले गेले. जावाहून ऊस आला, हरणे आली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडेही आली. डोडो उडू शकत नव्हता आणि तो जमिनीवर घरटे करीत असे. त्याला खाण्यासाठी मारले गेले हे खरे, परंतु बंदुकीपेक्षा अंडी आणि पिले खाणाऱ्या या प्राण्यांनीच त्याचा वंश बुडवला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. डच १७१० साली बेट सोडून गेले तेव्हा डोडो संपला होता, जंगल मात्र बरेचसे उभे होते.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतले. त्यांच्या अमदानीत एक लक्षणीय गोष्ट घडली. पिएर प्वाव्र नावाच्या प्रशासकाच्या काळात, १७६९ मध्ये, प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगलाखाली ठेवावा असा नियम झाला. झाडे गेली की पाऊस घटतो, ही त्या काळातील काही विद्वानांची धारणा त्यामागे होती. जंगलरक्षणाच्या कायद्यांच्या इतिहासात या नियमाला मानाचे स्थान आहे. पण त्याच बेटावर त्याच काळात माणसे विकली जात होती. झाडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्या झाडाखाली राबणाऱ्या गुलामाला मिळाले नाही.

१८१० मध्ये इंग्रज आले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली आणि उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सखल भागातील जंगल जवळजवळ नाहीसे झाले. आज मूळ स्वरूपातले चांगले जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी जागेत उरले आहे. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे मेली. त्यांत ऊसमळ्यांवरील मजुरांची संख्या मोठी होती. जंगलाचा विषय सरकारला गांभीर्याने घ्यावा लागला तो त्यानंतर.

पहिला साक्षीदार : मोगल चित्रकार

डोडोची जी चित्रे आपण पाहतो ती बहुतेक सतराव्या शतकातील डच आणि फ्लेमिश चित्रकारांच्या चित्रांवरून काढलेली आहेत. त्यांतला डोडो अतिशय लठ्ठ आणि बावळट दिसतो. ही चित्रे काढणाऱ्यांतील बऱ्याच जणांनी जिवंत, निरोगी डोडो पाहिला होता की नाही याची शंका आहे. काहींनी एकमेकांची नक्कल केली, काहींनी पेंढा भरलेला पक्षी पाहिला असावा.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहात एक मोगल चित्र आहे. १९५० च्या दशकात अभ्यासकांचे त्याकडे लक्ष गेले. साधारणपणे १६२५ च्या आसपासचे हे चित्र आहे. मधोमध एक तपकिरी रंगाचा, जाड चोचीचा, त्या मानाने सडसडीत डोडो उभा आहे. त्याच्या भोवती आपल्या ओळखीचे पक्षी आहेत. हिमालयातील ट्रॅगोपॅन, छोटा लटकणारा पोपट, पट्टेरी डोक्याचे हंस आणि भट-तितरांची जोडी. हे बाकीचे पक्षी इतके अचूक काढले आहेत की आजचा पक्षिनिरीक्षक त्यांची जात सांगू शकतो. ज्या हाताने ओळखीचे पक्षी इतके नेमके काढले, त्याने अनोळखी पक्षीही नेमकाच काढला असणार, असा तर्क अभ्यासकांनी केला. त्यामुळे डोडोच्या रूपाची ही एक अत्यंत विश्वसनीय साक्ष समजली जाते.

चित्रावर सही नाही. शैलीवरून ते उस्ताद मन्सूरचे मानले जाते. मन्सूर हा जहांगीर बादशहाचा चित्रकार. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे 'आपल्या युगातील अद्वितीय', असा किताब दिला होता. १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा त्याचे चित्र मन्सूरनेच काढले. त्या जनावराच्या अंगावरचे पट्टे कुणी रंगवले तर नाहीत ना, याची आधी तपासणी झाली, असे खुद्द बादशहाने 'तुझुक-इ-जहांगिरी' या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

डोडो हिंदुस्थानात आला कसा? पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६२८ मध्ये सुरतेस आला. त्याने तेथे मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर होते. हज यात्रेची जहाजे तेथूनच सुटत. मॉरिशसला थांबून येणारी युरोपीय जहाजेही तेथे नांगर टाकीत. दरबारासाठी दूरदेशीचे पशुपक्षी या बंदरातूनच पुढे जात. तेव्हा चित्रकाराने हा पक्षी प्रत्यक्ष पाहून काढला असण्याचा फार संभव आहे.

शाळेत जहांगीर शिकवताना न्यायाची साखळी, नूरजहान आणि सर टॉमस रो एवढ्यावर तास संपतो. सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे देऊन त्यांच्या मीलनाची, अंडी उबवण्याची आणि पिलांची रोजची नोंद ठेवणारा जहांगीर विद्यार्थ्यांना भेटत नाही. डॉ. सालिम अली यांनी १९२७-२८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली. पाठ्यपुस्तकांपर्यंत मात्र ती पोहोचलेली दिसत नाही.

तथापि येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्या समाजात मोगलांचा विषय निघाला की एकतर बचाव सुरू होतो, नाहीतर अभिमान. इतिहासाला दोन्हींचा उपयोग नाही. हाच जहांगीर आपल्या शिकारीचा हिशोबही ठेवत होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतील १७,१६७ त्याने स्वतः मारली, असा आकडा त्याच्याच ग्रंथात आहे. निरीक्षण आणि संहार एकाच माणसात नांदत होते. सुरतेचे डोडोही पिंजऱ्यातले कैदी होते. आपल्या बेटापासून हजारो मैल दूर नेलेला तो पक्षी चित्रात अमर झाला, त्याचा वंश चालू राहिला नाही. मन्सूरची थोरवी डोडोला वाचवण्यात नाही, कारण ते त्याच्या हाती नव्हते. जे समोर होते ते त्याने जसेच्या तसे टिपले, एवढे श्रेय त्याचे आहे आणि ते थोडे नाही.

दुसरा साक्षीदार : सिमॉन

डोडो शेवटचा कुणी पाहिला? बहुतेक पुस्तके १६६२ हे साल देतात. जहाज फुटून अडकलेल्या फोल्कर्ट एव्हर्ट्झ नावाच्या डच माणसाने त्या वर्षी मुख्य बेटाजवळच्या एका छोट्या बेटावर हे पक्षी पाहिल्याचे लिहिले आहे. पण त्यानंतरचीही एक साक्ष डच कागदपत्रांत आहे. १६७४ मध्ये सिमॉन नावाचा एक गुलाम पकडला गेला. तो अकरा वर्षे मालकांपासून पळून जंगलात राहिला होता. डच अधिकारी ह्यूबर्ट ह्यूगो याने त्याला डोडोविषयी विचारले, तेव्हा या अकरा वर्षांत आपण तो पक्षी दोनदाच पाहिला, असे त्याने सांगितले.

या एका वाक्यात किती माहिती आहे पाहा. अकरा वर्षे अहोरात्र जंगलात राहणाऱ्या माणसाला पक्षी फक्त दोनदा दिसतो, याचा अर्थ तो संपत आला होता. आजच्या भाषेत याला क्षेत्रीय निरीक्षण म्हणतात. बेटाच्या अंतर्भागाची खडान्‌खडा माहिती त्या काळी गव्हर्नरला नव्हती, नकाशे काढणाऱ्यांना नव्हती. ती होती पळून गेलेल्या गुलामांना. जगण्यासाठी त्यांना पाण्याची जागा, फळांचा हंगाम आणि प्राण्यांच्या वाटा माहीत असाव्याच लागत. अलीकडे काही अभ्यासकांनी सिमॉनच्या साक्षीला महत्त्व दिले आहे, पण लोकप्रिय पुस्तकांत अजूनही जहाज फुटलेल्या डच माणसाचेच नाव असते.

नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा कडा आहे. खाली लगूनचे हिरवेनिळे पाणी आणि वर सरळ उभा काळा खडक. प्रवासी तेथे फोटो काढतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पळालेले गुलाम या कड्याच्या कपारींत लपून राहत. बेटावरची गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. ती बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायलाच आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोककथा तेथे सांगतात. २००८ साली युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली, ती गुलामांच्या प्रतिकाराचे स्मारक म्हणून. या कड्यावर मॉरिशसची काही दुर्मीळ झाडेही तग धरून आहेत. जेथे कुऱ्हाड पोहोचली नाही तेथेच पळालेला माणूसही सुरक्षित होता आणि झाडही.

तिसरा साक्षीदार : अनवाणी पाय

गुलामगिरी संपण्याच्या बेतात असताना मळेवाल्यांनी नवा मार्ग काढला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून मॉरिशसला गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून, बरीच मद्रास इलाख्यातून आणि काही मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांतली माणसे होती. त्यांच्या वंशजांची मराठी आजही तेथे शाळांतून शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडीची बहीण शोभेल अशी 'झाकरी' तेथे नाचतात. मुसलमान मजूर मोठ्या संख्येने बिहारकडचे होते, गुजराती आणि कच्छी व्यापारी वेगळे. तेथील शाळांत मराठी शिकवतात तशी उर्दूही शिकवतात. हे वाचताना उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या बेटाशी उगाचच नाते जोडावेसे वाटले.

या मजुरांच्या आधीही हिंदुस्थानी माणसे तेथे होती. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील काळ्या पाण्याचे कैदी रस्ते बांधण्यासाठी मॉरिशसला पाठवले जात. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये मॉरिशसला काही दिवस थांबला, तेव्हा त्याने या कैद्यांना पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचा आपल्या प्रवासवर्णनात आवर्जून उल्लेख केला.

आता डोडोकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डोडोची फारच थोडी हाडे युरोपातील संग्रहालयांत होती. हा पक्षी कधी नव्हताच, अशीही शंका काही जण घेऊ लागले होते. आग्नेय किनाऱ्यावरील माहेबूर गावात जॉर्ज क्लार्क नावाचे सरकारी शाळेतले मास्तर होते. कित्येक वर्षे ते डोडोचे अवशेष शोधत होते. १८६५ मध्ये रेल्वेचे काम चालू असताना हॅरी हिगिन्सन नावाच्या अभियंत्याला मार ओ सोंज या दलदलीपाशी एक दृश्य दिसले. मजूर दलदलीतील काळी माती खणत होते आणि तीत सापडलेली हाडे वेगळी काढून ढीग करून ठेवत होते. पुढे क्लार्क यांनी आपली माणसे दलदलीच्या मध्यभागी, कमरेखालच्या पाण्यात उतरवली. चिखलात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ती माणसे अनवाणी पायांनी तळ चाचपत होती. पायाला लागले ते हाड वर काढत होती. अशा रीतीने डोडोची हाडे बाहेर आली. ती लंडनला गेली आणि १८६६ मध्ये रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने त्यांवर प्रबंध लिहिला. आज अनेक संग्रहालयांत उभे असलेले डोडोचे सांगाडे या दलदलीतल्या हाडांचे आहेत.

हाडे कुणाची, शोध कुणाचा, यावरून पुढे कुरबुरी झाल्या. क्लार्क यांचे नाव राहिले, हिगिन्सनचे राहिले, ओवेनचे तर राहिलेच. चिखलात पाय घालून उभ्या राहिलेल्या माणसांचे एकही नाव कोणी लिहून ठेवले नाही. याचे आश्चर्य अशासाठी वाटते, की तेथील वसाहत सरकार मजुरांच्या नोंदींत अजिबात ढिले नव्हते. जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, सारे रजिस्टरात चढे. १८६० च्या दशकात मजुरांचे फोटोही काढले जाऊ लागले. मजूर पळाला तर पकडता यावा म्हणून त्याचे नाव हवे होते. त्याने काही शोधले तर ते लिहून ठेवावे, असे कुणाला वाटले नाही. ही रजिस्टरे आजही मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. मजूर जेथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मार ओ सोंजमध्ये २००५ साली पुन्हा उत्खनन झाले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे डोडो, महाकाय कासवे आणि वनस्पतींचे अवशेष तेथे थराथराने सापडले. दलदल तीच होती, अवजारे मात्र या वेळी नवी होती.

वाचवण्याचा इतिहास

डोडो गेला, पण त्याच्याबरोबर सारे गेले नाही. मॉरिशसमध्ये केस्ट्रल जातीचा एक छोटा ससाणा आहे. हिवताप हटवण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर डीडीटीची फवारणी झाली. माणसांच्या दृष्टीने ते वरदान होते, ससाण्याच्या दृष्टीने विष. जंगलतोड आणि उंदरांवर उपाय म्हणून १९०० च्या सुमारास आपल्याकडून नेलेली मुंगसे, यांची त्यात भर पडली. १९७४ मध्ये रानात फक्त चार ससाणे असल्याची नोंद आहे. गुलाबी पारव्याची संख्या १९९० च्या आसपास दहावर आली होती. आपल्या पोपटाचा भाऊबंद असलेला एको पोपट १९८० च्या दशकात डझनभर उरला होता.

कार्ल जोन्स हे वेल्समधील शास्त्रज्ञ १९७९ मध्ये मॉरिशसला आले. ससाण्याच्या घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, असा मार्ग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवलंबला. पिले वाढवून रानात सोडली. आज ससाणे काही शेकड्यांत आहेत, गुलाबी पारवे आणि एको पोपटही शेकड्यांत आहेत. या कामासाठी जोन्स यांना २०१६ मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले. ते त्यांना मिळाले ते योग्यच झाले. पण रोज पहाटे दरीत उतरून पक्ष्यांना खाद्य ठेवणारे, मुंगसांचे सापळे तपासणारे, रानटी पेरूची झुडपे उपटून देशी रोपे लावणारे जे मॉरिशसवासी आहेत, त्यांत त्या मजुरांची आणि गुलामांची पतवंडे आहेत. ज्यांच्या पूर्वजांकडून जंगल तोडून घेतले गेले, ती आता ते पुन्हा उभारीत आहेत.

इल ओ एग्रेटवर हे काम डोळ्यांनी पाहता येते. तेथे किनारपट्टीचे मूळ आबनुसाचे जंगल थोडेसे राहिले आहे. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे केव्हाच नामशेष झाली. म्हणून २००० साली त्यांच्या जागी सेशेल्समधील आल्दाब्रा जातीची कासवे सोडण्यात आली. ती आबनुसाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर रुजतात. एका गेलेल्या प्राण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवण्याचा हा प्रयोग यशस्वी झाला आहे.

या बेटाच्या अगदी समोर, २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जपानी मालकीचे जहाज प्रवाळभिंतीवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातील तेल लगूनमध्ये पसरू लागले. सुमारे एक हजार टन तेल पाण्यात गेले. इल ओ एग्रेटच्या रोपवाटिकेतील दुर्मीळ रोपे घाईघाईने हलवावी लागली. तेल अडवण्याचे साहित्य सरकारकडे पुरेसे नव्हते. तेव्हा किनाऱ्यावरची सामान्य माणसे हजारोंनी जमली. कोळी, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, सर्व धर्मांची. त्यांनी उसाचे वाळलेले पाचट कापडाच्या पिशव्यांत भरून लांबच लांब बांध शिवले, त्यांना रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि ते पाण्यात सोडले. हे काम अधिकाऱ्यांवर सोपवा असे सरकारने सांगितले, तरी लोक हटले नाहीत. ज्या उसासाठी जंगल गेले, ज्या उसासाठी गुलाम आणि मजूर आणले गेले, त्याच उसाचे पाचट लगून वाचवण्याच्या कामी आले.

शेवटी

राखीव जंगल म्हणजे माणसाचा स्पर्श न झालेली जागा, असे आपण समजतो. मॉरिशसचा इतिहास पाहिला की हे समजणे टिकत नाही. तेथले प्रत्येक झाड कुणीतरी तोडले नाही म्हणून, किंवा कुणीतरी पुन्हा लावले म्हणून उभे आहे. तोडण्याचा हुकूम एकाचा असतो, कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात असते आणि दोष मात्र पुष्कळदा कुऱ्हाड धरणाऱ्यावर येतो. शोधाचे श्रेय देताना नेमके उलटे होते. हात दुसऱ्याचे असतात आणि नाव हुकूम देणाऱ्याचे राहते. आपल्याकडील अभयारण्यांतही आदिवासी वाटाड्याने दाखवलेला पक्षी पुस्तकात साहेबांच्या नावावर जातो, हे आपण पाहतोच.

म्हणून आपल्या मुलांना मॉरिशसचा नकाशा दाखवताना किंवा डोडोचे चित्र दाखवताना तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. या पक्ष्याचे रूप नीट पाहायचे असेल तर मोगल कारखान्यातील एका निनावी पानाकडे जावे लागते. तो अखेर कधी दिसला हे विचारायचे असेल तर पळालेल्या गुलामाचे म्हणणे ऐकावे लागते. आणि त्याचा सांगाडा पाहताना, तो ज्या पायांनी चिखलात चाचपून शोधला त्या पायांची आठवण ठेवावी लागते. चित्रावर सही नाही, मजुरांची नावे नाहीत, आणि सिमॉनचे नाव राहिले तेही तो पकडला गेला म्हणून. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे तरी करता येते, की तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे या माणसांसाठी राखून ठेवावीत.